सहा महिन्यांत व्यवसायबदल : जोखीम कोणाची?

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन संगणक क्षेत्राकडे वळणाऱ्यांना पुण्याच्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम परिचित आहे. संस्थेचा प्रशिक्षण विभाग १९९३ पासून कार्यरत आहे. अमेरिकेत अशा शाळांची लाट आली ती २०१२ नंतर. तेथील 'नोकरीनंतर शुल्क' ही योजनाही अखेर कर्जच ठरली. २०२४ मध्ये ब्लूमटेक या संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी घालण्यात आली.

सी-डॅकमध्ये शुल्क आधीच भरावे लागते. जोखीम विद्यार्थ्याची, हे निदान उघड आहे. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार पदांची कपात जाहीर केली. ती मुख्यत्वे मध्यम व वरिष्ठ श्रेणीतील असली, तरी नवागतांची स्पर्धा त्यामुळे सुकर होत नाही. प्रवेशेच्छूंनी मागील तुकडीतील संगणकेतर शाखांच्या किती जणांना नोकरी मिळाली, हा आकडा आधी मागावा.