बुलेट ट्रेन आणि आपले बऱ्हाणपूर

परवा पहाटे पुतणीला आणायला स्टेशनवर गेलो होतो. ती पुण्यात नोकरीला असते. रिक्षात बसताच म्हणाली, "काका, आपल्याकडे बुलेट ट्रेन कधी येणार हो? तीन दिवसांच्या सुट्टीत दोन रात्री गाडीतच जातात." घरी चहा होताच आम्ही दोघे कागद-पेन घेऊन बसलो.

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग 508 किलोमीटरचा. मुंबईहून बऱ्हाणपूरही रेल्वेने जवळपास तेवढेच, म्हणजे तुलना सोपी. 2017 साली भूमिपूजन झाले तेव्हा खर्चाचा अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा होता. किलोमीटरमागे 200 कोटींहून जास्त! त्यातले बहुतेक पैसे जपानने 50 वर्षांच्या मुदतीने, 0.1 टक्के व्याजाने द्यायचे ठरले. तरीही गाड्या दिवसभर भरून धावल्या तरच हे परवडते. सुरत, वडोदरा अशी मोठी शहरे ओळीने आहेत, तिथे ते जमेलही. आपले गाव दोन लाख वस्तीचे.

"पण विजेवर चालते, म्हणजे प्रदूषण नाही ना?" तिने विचारले. मी म्हटले, वीज बनते कुठे ते बघ. खंडवा जिल्ह्यातच सिंगाजी केंद्रात ती कोळशापासून बनते आणि पुनाशाला इंदिरा सागर धरणावर पाण्यापासून. रीव्याच्या सौर प्रकल्पाची वीज दिल्ली मेट्रोला जाते. विजेच्या गाडीचा हा मोठा फायदा: गाडी तीच राहते, वीज मात्र उद्या सूर्याची घेता येते. पण वेगाला वीज जास्त लागते. तीच गाडी ताशी 130 ऐवजी 320 किलोमीटरने पळवली, तर हवेचा विरोध सुमारे सहापट होतो. शिवाय दर थांब्याला वेळ आणि वीज खर्च होते. त्यामुळे अशी गाडी इथून गेली, तरी इथे थांबेलच असे नाही.

मुंबई–कलकत्ता रेल्वेमार्ग 1870 साली पूर्ण झाला, तेव्हापासून आपले गाव मुख्य मार्गावर आहे. मला वाटते, याच रुळांवर वेग थोडा वाढावा, डबे वाढावेत आणि जास्त गाड्या इथे थांबाव्यात. आपल्या मुलांना घरी यायला तेच उपयोगाचे.

पुतणी हसून म्हणाली, "काका, तोवर दिवाळीचे तिकीट तरी कन्फर्म होऊ दे!"

मुलांनो, तुम्हाला काय हवे: वेग, की जागा? जरूर कळवा.