कोण कुणाला फोन करतं, एवढ्यावरून ‘सूत्रधार’ ठरतो का?

फोनवर काय बोलणं झालं हे कुणी ऐकलं नाही, तरी कोण कुणाशी, कधी आणि किती वेळ बोललं यावरून बरंच कळतं. सीडीआर म्हणजे हीच नोंद. डिसेंबर 2021 च्या नियमानुसार टेलिकॉम कंपन्यांना ती किमान दोन वर्षं जपावी लागते. सोशल नेटवर्क अॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकली की माणसाचा ठिपका होतो, कॉलची रेषा.

याची ताकद समाजशास्त्रज्ञ कीरन हीली यांनी 2013 मध्ये झकास दाखवली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाआधीच्या बॉस्टनमधली 254 माणसं आणि ती 7 गटांपैकी कुठल्या गटांत होती, एवढीच यादी. पत्रं नाहीत, भाषणं नाहीत. इंजिनीअरिंगला घोकलेला मॅट्रिक्सचा गुणाकार करून ‘बिटवीननेस’ काढला, तर सगळ्यात वर आला पॉल रिव्हीअर. 1775 मध्ये ब्रिटिश सैन्य निघाल्याची खबर घोड्यावरून पोहोचवणारा!

बिटवीननेस हे लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडलेलं माप. दोन माणसांना जोडणारा सगळ्यात जवळचा रस्ता किती वेळा तुमच्यावरून जातो, ते यातून कळतं. गेफी किंवा पायथॉनमधलं नेटवर्कएक्स हे फुकटात मोजून देतं.

घोळही इथेच आहे. सोसायटीतल्या ‘ए’ आणि ‘बी’ विंगचं एकमेकांशी पटत नाही, पण गॅस सिलिंडरवाल्याला दोघंही फोन करतात. नकाशात सगळ्यात मोठा ठिपका त्याचाच. सॉफ्टवेअरला सिलिंडर दिसत नाही. शिवाय व्हॉट्सअॅप कॉल सीडीआरमध्ये येतच नाहीत, म्हणजे नकाशा मुळातच अर्धा. ठिपका कशावरून मोठा करायचा, हेही स्क्रीनसमोरचा माणूसच ठरवतो.

पोलिसांनी हे वापरू नये असं कुणी म्हणणार नाही. धागा शोधायला ते उत्तमच. पण धागा म्हणजे पुरावा नव्हे. त्यात 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने गुन्ह्यांच्या तपासाला बऱ्याच अटींतून सूट दिली आहे. सीडीआर विकणारी टोळी ठाणे पोलिसांनी 2018 मध्येच पकडली होती, तेव्हा ही नोंद किती सहज बाहेर जाते तेही आपण पाहिलंय.

म्हणून आरोपपत्राला असा नकाशा जोडला, तर चार गोष्टी लिहून द्यायलाच हव्यात: किती दिवसांचे कॉल घेतले, किती कॉलनंतर रेषा काढली, कुठलं माप वापरलं आणि कुणाचे नंबर वगळले.