जागेवर, पण लाईन बंद करून

आमच्या शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाठवतात. शहाड-टेमघर, म्हणून नाव 'स्टेम'.

अशा लाईनवरचा मोठा व्हॉल्व्ह उतरवायचा म्हणजे क्रेन, गंजलेले बोल्ट आणि घरोघरी कोरडे नळ. त्यापेक्षा तो जागेवरच दुरुस्त करावा, हे मला पटतं. बॉडी लाईनमध्येच राहते. बॉनेट उघडून गेट काढायचं, सीट घासायची, पॅकिंग बदलायचं, झालं.

पण 'जागेवर' म्हणजे 'चालू लाईनवर' नव्हे! व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतली बॅकसीट पाणी अडवते, मग पॅकिंग बदलायला लाईन कशाला बंद करायची, असं काही साहेब म्हणतात. आमचे बाबा फिटर. ते म्हणायचे, "वीस वर्षांत न बघितलेल्या सीटवर मी माझं तोंड का ठेवू?" पाण्याच्या जागी वाफ किंवा ॲसिड असलं तर?

आधी दोन्हीकडून लाईन बंद, प्रेशर शून्य, चाकाला कुलूप. मगच पाना.

असो. पुढच्या वेळी शटडाऊनची बातमी वाचून चिडाल, तेव्हा बादली भरून ठेवा. तिथे कुणाचे तरी बाबा वाकलेले असतात.