नौकेची शिडी

मागील खेपेस नांगराच्या दोराविषयी लिहिले होते. या खेपेस त्याहून साध्या, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षिल्या जाणाऱ्या, एका साधनाचा विचार करू. नौकेवरून पाण्यात उतरणे सोपे. परत वर चढणे मात्र तितके सोपे नव्हे. नौकेची भिंत पाण्यावर तीन-चार फूट उभी, गुळगुळीत आणि ओली असते. उत्तम पोहणारा मनुष्यही थकल्यावर तिला केवळ हातांच्या बळावर वेंघून जाऊ शकत नाही. भिजलेले कपडे पाण्यात असेतो जड वाटत नाहीत. देह वर येऊ लागला म्हणजे त्यांतील पाण्याचा सारा भार कळून येतो.

तेव्हा चढण्याचे काम पायांनीच झाले पाहिजे, आणि त्यासाठी शिडीची शेवटची पायरी पाण्याखाली निदान दोन फूट असावी. ती पाण्याच्या पृष्ठाशीच संपली, तर गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो आणि पाय नौकेखाली ओढले जातात. पुष्कळ सुबक शिड्यांत नेमका हाच दोष आढळतो. पायऱ्या गोल नळीच्या नसून सपाट व रुंद असाव्यात, कारण अनवाणी तळव्यास नळी फार बोचते. वर आल्यावर धरावयास भक्कम कठडाही हवा.

दोराच्या शिडीला इंग्रज खलाशी 'याकोबाची शिडी' म्हणत आले आहेत. उत्पत्तीच्या 28 व्या अध्यायातील स्वप्नात याकोबाने पाहिलेल्या शिडीवरून देवदूत चढत-उतरत होते. देवदूतांना ती अडचणीची झाली नसेल. मनुष्याला मात्र होते. भार पडताच ती नौकेच्या पोटाखाली झुकते व चढणारा पाठीवर लोंबकळतो. जागेअभावी तीच ठेवणे भाग असेल, तर शेवटच्या पायरीस वजन बांधावे आणि शिडी भिंतीपासून दूर राहील असे ठोकळे बसवावेत.

मागील बाजूस बिजागरीने दुमडणारी स्टेनलेस स्टीलची शिडी अधिक बरी. पण तिची कडी वरूनच सुटत असेल, तर ज्याला गरज आहे त्यालाच ती निरुपयोगी. युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमांत, परत चढण्याचे साधन पाण्यातील व्यक्तीस दुसऱ्याच्या साहाय्यावाचून गाठता अथवा खाली सोडता आले पाहिजे, असे स्पष्ट घातले आहे. एक बारीक दोर कडीस बांधून पाण्याजवळ लोंबता ठेवला की हे काम भागते.

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा एकाकी प्रवासात शिडी सोडून देणारे दुसरे कोणीच नसते. धावत्या नौकेवरून पडल्यास शिडीचाही उपाय नाही, कारण नौका पुढे निघून जाते. तेथे अंगास बांधलेला पट्टा व दोर हाच आधार.

शिडी नुसत्या स्क्रूंनी न बसवता आरपार बोल्टांनी, आतून जाड पट्टी देऊन बसवावी. लाटांत नौकेची मागील बाजू जोराने आपटते, म्हणून खवळलेल्या पाण्यात तेथून चढणे धोक्याचे. इंजिन चालू असताना तर कोणीही पंख्याजवळ जाऊ नये.

शिडी बसविल्यावर शांत खाडीत नांगर टाकून, अंगात कपडे व जीवरक्षक जाकीट घालून, एकट्याने चढून पाहावे. नंतर घरातील सर्वांत वयस्क पोहणाऱ्यास चढू द्यावे. त्यांचा पाय ज्या पायरीपाशी अडेल, तेथेच कारागिराकडून सुधारणा करून घ्यावी.