खाडा, उचल आणि पाळीचे अज्ञान

सोलापूर-धुळे महामार्गावरील तेरखेडा हे वाशी तालुक्यातील गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. दिवाळीबरोबर त्या धंद्याचा हंगाम सरतो आणि धाराशिव व बीड जिल्ह्यांच्या या डोंगराळ, कोरडवाहू टापूत दुसऱ्या एका हंगामाची लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्याकडे ऊसतोडीस निघतात. या व्यवहारात मजुरीचे एकक म्हणजे ‘कोयता’, म्हणजेच नवरा-बायकोची जोडी. जोडीपैकी एकाने दांडी मारली तरी खाडा पडतो आणि त्यापोटी दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत रक्कम उचलीच्या हिशेबात मजुरावर चढविली जाते, असे ऊसतोड महिलांनी वेळोवेळी सांगितलेले आहे.

स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला घडणाऱ्या एका निसर्गनियमाला या हिशेबात स्थान नाही. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असल्या, रक्तस्राव अधिक होत असला, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे चुकत नाही. फडावर संडास नाही, धुण्यापुरते पाणी नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो आणि दुखणे असह्य झाल्यावर खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कायमची कटकट जाईल’ हा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फड.

हे चक्र किती जणींभोवती फिरले याचा अंदाज २०१९ साली आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहा जणींमागे जवळपास एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हे हे मान्य केले, तरी एवढी तफावत केवळ रोगाने पडत नाही.

या तफावतीचे खापर मुकादम, कारखाने व काही डॉक्टर यांच्या माथी फोडले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु सल्ला देणाऱ्याइतकाच सल्ला ऐकणारीचाही विचार केला पाहिजे. आपल्या शरीरात महिनाभर काय घडते हे जिला कोणी कधी सांगितलेच नाही, ती त्या सल्ल्याची पारख कशी करणार? बाजारातील ग्राहकाला मालाची माहिती नसेल तर विक्रेता म्हणेल ती किंमत व म्हणेल ती वस्तू, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत येथे स्त्रीच्या देहाला लागू झालेला आहे.

चक्राचा मध्यबिंदू

सर्वसाधारण समजूत अशी की पाळी म्हणजे अंगातील ‘खराब रक्त’ बाहेर पडणे. वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. ऋतुचक्राचा मध्यबिंदू रक्तस्राव नसून अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे, हा आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात एक बीज परिपक्व होते. त्याच काळात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला गर्भधारणेसाठी सज्ज ठेवते. बीज सुमारे एक दिवस टिकते. गर्भ राहिला नाही तर संप्रेरकांची पातळी उतरते आणि अस्तर गळून पडते. ही झाली पाळी. त्यात अपवित्र काही नाही.

अंडमोचन पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी होते. ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा कळली. एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टर पाळीच्या लगतचे दिवस गर्भधारणेचे मानीत आणि मधले दिवस निर्धोक समजत. जपानचे क्यूसाकु ओगिनो व ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे ही समजूत खोटी ठरविली. अर्थात पुढची पाळी कधी येणार हे आधी नक्की ठाऊक नसते, आणि पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून केवळ दिवस मोजून संततिनियमन करणे भरवशाचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.

या ज्ञानाचा फडावरच्या स्त्रीला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग मोठा आहे. अंडमोचनाच्या सुमारास योनिमार्गातून पारदर्शक, चिकट स्राव होणे ही प्रकृतीची खूण आहे. दुर्गंधी, खाज वा ताप असेल तर मात्र तो बहुधा संसर्ग असतो आणि पुष्कळदा औषधांनी बरा होतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ या एका वाक्यात दोन्ही गोष्टी एकच ठरतात. त्या तक्रारीला कर्करोगाच्या भीतीची जोड मिळाली की शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा होतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि चाळिशीनंतर चक्र अनियमित होणे स्वाभाविक असते, हेही अनेकींना ठाऊक नसते. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती ओढवते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या देहावर कोयत्याची मजुरी अवलंबून आहे तोच देह मग अकाली थकतो. खाडा वाचविण्यासाठी केलेला हा सौदा शेवटी मजुरीच बुडवितो.

कर्व्यांचा धडा

हे विषय मराठीत स्वच्छपणे मांडता येतात, याचा पुरावा महाराष्ट्रानेच दिलेला आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी दंड भरावाच लागला. शरीराची माहिती देणे हा गुन्हा ठरविणारा तो समाज आज अस्तित्वात नाही असे म्हणावे, तर शाळेच्या वर्गात डोकावून पाहावे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राचा पाठ आहे, पण ‘घरी वाचून घ्या’ म्हणून तो ओलांडला जाण्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत. शिवाय मुलीला पाळी येते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. आईबापांमागे फडावर जाणारी मुलगी तर पुष्कळदा दहावीपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांना या पाठाची सर्वाधिक गरज, त्यांनाच तो मिळत नाही.

आधी पाणी, संडास व रास्त मजुरी द्या, जीवशास्त्राचे धडे नंतर, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पाळीच्या दिवसांचा खाडा रद्द झाल्याखेरीज आणि फडावर किमान सोयी झाल्याखेरीज नुसत्या व्याख्यानांनी काही साधणार नाही. केंद्र शासनाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले. पण दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क ती स्त्रीच बजावू शकते, जिला शंका घेण्याइतकी माहिती आहे.

म्हणून हा पाठ सहावी-सातवीतच, मुलामुलींना एकत्र शिकविला गेला पाहिजे. मुलांना वगळण्याचे कारण नाही, कारण उद्याचा मुकादम, डॉक्टर आणि कोयत्यातील जोडीदार त्यांच्यातूनच येणार आहे. हंगामाला निघण्यापूर्वी गावोगावच्या आशा कार्यकर्तींनी प्रत्येक टोळीतील स्त्रियांशी या विषयावर बोलावे, आणि त्या कामाचा मोबदला शासनाने त्यांना द्यावा. कारखान्यांनी खाड्याचा हिशेब तपासणीसाठी खुला करावा. यातील एकाही गोष्टीला फार मोठा खर्च नाही. तो टाळण्याची किंमत मात्र या टापूतील स्त्रिया वर्षानुवर्षे आपल्या शरीराने भरीत आल्या आहेत, आणि ती कारखान्याच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.