वर झाडलेली गोळी जाते कुठे?

उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, पंजाब या भागांत लग्नात बंदुकीचे बार काढण्याची हौस आहे. कुणी मामा-काका बंदूक आभाळाकडे धरून चाप ओढतो. वर गेली ती कुणाला लागणार नाही, असा समज. पण वर फेकलेला दगड खाली येतो, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते!

हिशेब असा आहे. रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते. सरळ वर मारली तर अडीच किलोमीटरपर्यंत चढते, क्षणभर थांबते नि पडू लागते. हवा अडवते म्हणून सुटतानाचा वेग परत येत नाही. १९२० च्या सुमारास अमेरिकी सैन्याने फ्लोरिडात पाण्यातल्या तराफ्यावरून ५०० हून अधिक गोळ्या वर झाडल्या. हॅचर या अधिकाऱ्याने ते लिहून ठेवले आहे. तराफ्यावर परत पडल्या जेमतेम चार. वेग निघाला सेकंदाला ९० मीटर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. कातडी फोडायला याहून कमी वेग पुरतो, मग टाळूवर बसली तर?

आणि धुंदीतला माणूस बंदूक सरळ उभी धरतोच कुठे? तिरपी सुटलेली गोळी टोक पुढे ठेवून, गरगर फिरत, बराच वेग राखून जाते आणि दोन-तीन किलोमीटरवर उतरते. तिथे पत्र्याखाली झोपलेल्या लेकराला त्या लग्नाचे आवतणही नसते.

पोर्तो रिको बेटावर २००३ सालच्या शेवटच्या रात्री अशा आनंदाच्या गोळीबारात १९ जणांना गोळ्या लागल्या, एक दगावला. सर्वांत जास्त जखमा डोक्याला होत्या. आपल्या देशात २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने अशा बारांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत. आमच्या मते हे फार उशिरा झाले.

राहिली काडतुसाची रिकामी पुंगळी. ती हलकी असते, झाडणाऱ्याच्या पायाशीच पडते. ताजी असेल तर चटका देते, एवढेच. पण पितळेची चकाकी पाहून पोरे ती खिशात घालतात. तिच्या बुडावर बंदुकीच्या खिळीचा ठसा उमटलेला असतो, त्यावरून कोणत्या बंदुकीतून गोळी सुटली ते ओळखता येते. तेव्हा मायबापांनो, कुठे पुंगळी दिसली तर हात न लावता जागेवरच राहू द्या आणि पोलिसांना कळवा.