पशूंस आत्मा नाहीं काय?

दोन विरुद्ध पक्ष एखाद्या गोष्टीविषयीं एकमत झाले म्हणजे ती गोष्ट खरी असलीच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. आमचा अनुभव उलट आहे. अशा वेळीं बहुधा दोघांपैकीं एकानेंही त्या गोष्टीची शहानिशा केलेली नसते. गेल्या वर्षीं आम्ही एका व्याख्यानास गेलों होतों. वक्ते स्वधर्माचे अभिमानी होते, आणि अभिमान हा कांहीं दोष नव्हे. परंतु आपल्या धर्माची थोरवी सांगतांना दुसऱ्याच्या धर्माची उंची मोजण्याचा मोह त्यांस आवरला नाहीं. "ख्रिस्ती मतांत जनावरांस आत्माच नाहीं, म्हणून तर ते लोक जनावरांस दगडाधोंड्यांप्रमाणें वागवितात," असें त्यांनीं ठासून सांगितलें आणि सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढें पंधरा दिवसांच्या आंतच आमच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचा कुत्रा आदल्या दिवशीं मेला होता. तेथें आलेल्या एका धर्मोपदेशकांस तिनें विचारलें कीं, आतां तो कोठें असेल? "कोठेंच नाहीं, बाळ, जनावरांस आत्मा नसतो," असें म्हणून त्यांनीं चहाचा पेला तोंडास लावला. मुलगी कांहीं न बोलतां आंत निघून गेली. ज्या वाक्यावर तिकडे टाळ्या पडल्या, त्याच वाक्यानें इकडे एका लहान मुलीच्या डोळ्यांत पाणी आणलें.

आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि कोणाची वकिलीही आम्हीं पत्करलेली नाहीं. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास बायबलाशीं व त्यावरील वादांशीं परिचय ठेवावाच लागतो. आणि त्या परिचयाच्या बळावर आम्ही म्हणतों कीं, वक्त्यांचें म्हणणें चूक आहे आणि उपदेशकांचेंही चूक आहे.

प्रथम शब्दाचाच निवाडा करूं. बायबलाचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत आहे. देवानें मातीचा मनुष्य घडवून त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, तेव्हां तो जें कांहीं झाला त्यास उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत 'नेफेश हय्या' असे शब्द आहेत. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायांत समुद्रांतील जलचरांस व भूमीवरील पशूंस कोणते शब्द आहेत? तेच! परंतु १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या विख्यात इंग्रजी भाषांतरांत मनुष्याच्या वांट्यास 'जिवंत आत्मा' आला आणि पशूंच्या वांट्यास नुसता 'जिवंत प्राणी' आला. मूळांत नसलेला भेद भाषांतरकारांच्या लेखणींतून उतरला, आणि पुढें पिढ्यान्‌पिढ्या तो देवाच्या तोंडचा म्हणून वाचला गेला. लॅटिन भाषेचीही तीच साक्ष आहे. 'अनिमा' म्हणजे आत्मा, आणि त्यावरूनच जनावरास 'अनिमल' हें नांव पडलें. जसा आपल्याकडे प्राणावरून प्राणी. म्हणजे जनावरांस आत्मा नाहीं असें लॅटिनांत म्हणणें हें प्राण्यांस प्राण नाहीं असें मराठींत म्हणण्यासारखेंच आहे.

मराठींत या घोटाळ्यास आणखी एक कारण आहे. आत्मा म्हटला कीं तो अजर, अमर, अविनाशी, हें आपल्या कानांस इतकें सवयीचें झालें आहे कीं 'नश्वर आत्मा' हे शब्द आपणांस वंध्यापुत्रासारखे वाटतात. ख्रिस्ती तत्त्वज्ञांस मात्र ते तसे वाटत नव्हते. पंडिता रमाबाई यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाच्या मराठी भाषांतरास आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वाहिलीं, याचें महत्त्व अशा ठिकाणीं कळून येतें. मूळ शब्दापाशीं गेल्यावांचून धर्मावर बोलणें म्हणजे ऐकीव गोष्टीवर फिर्याद गुदरणें होय.

आतां शास्त्राकडे वळूं. ज्यांच्या नांवावर हें सारें खपविलें जातें ते संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) पशूंचा आत्मा नाकारीत नाहींत. अॅरिस्टॉटलास अनुसरून ते आत्म्याचे तीन प्रकार मानतात : वनस्पतींचा वाढणारा, पशूंचा संवेदना असणारा आणि मनुष्याचा विचार करणारा. पाहणें, ऐकणें, भिणें हीं कामें शरीराच्या इंद्रियांवांचून होत नाहींत. सामान्य तत्त्वांचें ग्रहण करणारी बुद्धि मात्र कोणत्याही इंद्रियावर अवलंबून नाहीं. आणि ज्यास शरीरावांचून स्वतःचें असें कांहींच कार्य नाहीं, तें शरीरावांचून राहूंही शकत नाहीं. म्हणून पशूचा आत्मा शरीराबरोबर नाश पावतो आणि मनुष्याचा उरतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो कोणास पटो वा न पटो, 'आत्मा आहे, पण तो टिकत नाहीं' आणि 'आत्माच नाहीं' या दोन विधानांत जें अंतर आहे तें तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थ्यासही दिसावें. शिवाय या युक्तिवादाचें माहेर ग्रीस देशांत आहे. येशूच्या शुभवर्तमानांत नव्हे.

पशु म्हणजे केवळ यंत्र, ही कल्पना तर याहूनही अर्वाचीन आहे. ती देकार्तनें १६३७ सालीं आपल्या ग्रंथांत मांडली. १६४६ सालच्या एका पत्रांत तो म्हणतो कीं, कांहीं पशूंस अमर आत्मा मानावयाचा तर सर्वांस मानावा लागेल, आणि मग कालवें व स्पंज यांसही तो द्यावा लागेल! विनोद म्हणून हें ठीक आहे. प्रमाण म्हणून लंगडें आहे. पहाटे रात्र नेमकी कोणत्या क्षणीं संपली हें सांगतां येत नाहीं, म्हणून दिवस उजाडलाच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. २०१२ सालीं केंब्रिज येथें मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं एक घोषणापत्र काढून सर्व सस्तन प्राणी व पक्षी यांच्या मेंदूंत जाणिवेस लागणारी सामग्री आहे असें जाहीर केलें. यावरून पशूचा आत्मा अमर ठरत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. परंतु तो यंत्र ठरत नाहीं, एवढें खास.

मग खुद्द बायबल काय म्हणतें? येथें प्रामाणिकपणें दोन्ही पारडीं भरलीं पाहिजेत. एका स्तोत्रांत वैभवांत राहून विवेक नसलेल्या मनुष्यास नाश पावणाऱ्या पशूंची उपमा दिली आहे. मळणीच्या बैलास मुसकें घालूं नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. तिचा अर्थ लावतांना पौल विचारतो कीं, देवास काय बैलांची काळजी आहे? आणि ती आज्ञा तो उपदेशकांच्या पोटापाण्याकडे लावितो. हें एक पारडें. दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें पहा. जलप्रलयानंतर देवानें जो करार केला तो एकट्या नोहाशीं नव्हे, तर तारवांतून निघालेल्या प्रत्येक सजीवाशीं केला. निनवे नगर कां राखावें हें योनास सांगतांना देव एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसें मोजतो आणि शेवटीं तेथील गुराढोरांचीही आठवण देतो. बलाम संदेष्ट्यास न दिसलेला देवदूत त्याच्या गाढवीस दिसतो, आणि धन्यास समज देण्यासाठीं तिला वाचा फुटते. पैठणच्या रेड्याची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. दोन दमड्यांस पांच विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकीं एकीचाही देवास विसर पडत नाहीं, असें लूकाच्या शुभवर्तमानांत येशू सांगतो. मनुष्याचें मोल अनेक चिमण्यांहून अधिक आहे असेंही तो तेथेंच म्हणतो. परंतु अधिक मोल आणि शून्य मोल या गोष्टी निराळ्या. आणि ज्या पौलानें बैलांविषयीं तो प्रश्न केला, तोच रोमकरांस लिहितांना सारी सृष्टि कण्हत असून तिचीही नाशाच्या दास्यांतून सुटका व्हावयाची आहे असें लिहून जातो. राहतां राहिला 'उपदेशक' नांवाच्या ग्रंथाचा कर्ता. मनुष्य आणि पशु यांचा श्वास एकच, दोघेही मातींतच जातात. एकाचा प्राण वर आणि दुसऱ्याचा खालीं जातो हें कोणास ठाऊक आहे, असें तो विचारतो. जेथें धर्मग्रंथच प्रश्नचिन्ह ठेवून थांबला, तेथें पूर्णविराम देण्याचा अधिकार आमच्या उपदेशकमहाशयांस कोणी दिला?

हें केवळ आमचें परक्याचें मत नव्हे. बिशप बटलर यांनीं १७३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत मनुष्याच्या अमरत्वाविषयीं विवेचन करतांना, 'अशानें पशूही अमर ठरतील' या आक्षेपास धूप घातला नाहीं. तसें ठरलें तरी त्यांत अडचण नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. जॉन वेस्ली यांनीं १७८१ सालच्या प्रवचनांत पौलाच्या त्याच वचनावर विवेचन करून पशूंचा उद्धार उघडपणें प्रतिपादिला. परलोकांत या जीवांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यास त्यांनीं उलट विचारलें कीं, आज तरी कित्येकांचा उपयोग तुम्हांस काय ठाऊक आहे? सी. एस. लूइस यांनीं १९४० सालीं असा तर्क केला कीं, पाळीव पशूस धन्याच्या सहवासानें एक प्रकारचें व्यक्तित्व येतें, आणि धन्याच्या आधारें त्यास अमरत्वही लाभूं शकेल. हा तर्क आम्हांस अपुरा वाटतो. ज्याच्या गळ्यांत पट्टा तोच काय तो तरणार, आणि रानांतील हरणानें मात्र धनी नाहीं म्हणून नाहींसें व्हावें, हा न्याय ईश्वराचा न वाटतां घरमालकाचा वाटतो. तथापि लूइस यांनीं दार लाविलें नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे.

दुसऱ्या बाजूच्या उतावळेपणासही आम्ही पाठीशीं घालीत नाहीं. २०१४ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं एका मुलास त्याचा कुत्रा स्वर्गांत भेटेल असें सांगितल्याची वार्ता जगभर पसरली, आणि ती निराधार निघाली. त्याच पोपनीं २०१५ सालच्या परिपत्रकांत मात्र अंतीं प्रत्येक सृष्टजीव तेजोमय होऊन आपलें स्थान पावेल असें लिहिलें आहे. म्हणजे आशा आहे, सिद्धान्त नाहीं. निकेयाच्या श्रद्धाघोषणेंत मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास सांगितला आहे; पशूंविषयीं तींत होकार नाहीं आणि नकारही नाहीं. हा प्रश्न ख्रिस्ती धर्मांत मोकळा आहे, इतकेंच आमचें म्हणणें.

कोणी म्हणेल, कुत्र्याच्या परलोकावर एवढी शाई कशाला? कारण या नकाराच्या पाठोपाठ एक अनुमान गुपचूप घरांत शिरतें : पशूस परलोक नाहीं, म्हणून त्यास कसेंही वागविण्यास हरकत नाहीं. वक्त्यांनीं हें अनुमान ख्रिस्ती लोकांच्या माथीं मारलें. परंतु त्याचें सर्वांत सडेतोड खंडन एका ख्रिस्ती धर्मगुरूनेंच केलेलें आहे. हम्फ्री प्रायमॅट यांनीं १७७६ सालीं लिहिलें तें असें : मनुष्यास येथें झालेल्या अन्यायाची भरपाई पुढें होण्याची आशा आहे, पशूस ती नाहीं असें तुम्ही मानतां ना? मग त्यास दिलेलें दुःख कधींच भरून निघणार नाहीं, आणि म्हणूनच तें देणारा अधिक अपराधी. आत्मा नश्वर ठरला तर दयेचा बोजा उतरत नाहीं, उलट वाढतो! प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था १८२४ सालीं लंडनांत ज्यांच्या पुढाकारानें निघाली ते आर्थर ब्रूम हेही धर्मगुरूच होते, आणि प्रायमॅट यांचें पुस्तक त्यांनीं पुन्हां छापविलें. दगडाधोंड्यांसाठीं कोणी अशा संस्था काढीत नाहीं.

आणि आमचें काय? आमच्या मतें तर प्रत्येक जीवांत तोच आत्मा, आणि चौऱ्यायशीं लक्ष योनींतून फिरणारा. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले आणि तान्हेल्या गाढवास एकनाथांनीं काशीची गंगा पाजली, हें आम्ही कीर्तनांत ऐकतों, माना डोलावतों आणि घरीं जातों. साखर कारखान्याच्या हंगामांत उसाच्या ओझ्यानें वांकलेली बैलगाडी चढावर अडली म्हणजे बैलाची शेपटी पिरगळणारा हात कोणत्या मताचा असतो? पोळ्याच्या दिवशीं ज्याच्या शिंगांस बेगड लाविली त्यालाच चार दिवसांनीं पराणी टोंचतांना आत्म्याचें अमरत्व कोठें जातें? आमचें तत्त्वज्ञान थोर आहे यांत संशय नाहीं. परंतु बैलाच्या सुजलेल्या खांद्यावर तत्त्वज्ञानाचा लेप लागत नाहीं. किंबहुना 'पूर्वजन्मींचें कर्म भोगतो आहे' असें म्हणून हात झटकण्याची सोय आम्हांस आहे, ती प्रायमॅट यांस नव्हती.

त्या मुलीस काय सांगावयास हवें होतें, असें आम्हांस कोणी विचारील. तिचा कुत्रा स्वर्गांत शेपटी हालवीत उभा आहे, असें सांगण्याची गरज नव्हती. तें कोणासच ठाऊक नाहीं. पण तुझ्या धर्मग्रंथांत ज्या देवास चिमणीचा विसर पडत नाहीं असें लिहिलें आहे, त्यास तुझ्या कुत्र्याचाही पडणार नाहीं. पुढचें तोच जाणे, इतकें त्या उपदेशकांस खुशाल सांगतां आलें असतें. त्यांत असत्याचा अंशही नव्हता, आणि चहाही निवला नसता. आम्ही त्या वेळीं तेथेंच बसलों होतों आणि परक्या धर्माच्या गोष्टींत कशाला पडा म्हणून गप्प राहिलों, याची खंत हा लेख लिहितांना आम्हांस वाटत आहे.